कर्मकाल

पंचांग हा ग्रंथ आपल्या घरांत जितका वापरला जातो तितकाच तो क्वचित् वाचला जातो. खुंटीला अडकविलेल्या त्या पुस्तकाची आठवण होते ती एकादशी केव्हां, संकष्टीचा चंद्रोदय किती वाजतां, मुंजीला या महिन्यांत मुहूर्त आहे कीं नाहीं, एवढ्यापुरतीच. आणि उत्तर मिळालें कीं तें पुन्हां खुंटीवर जातें. ज्या पुस्तकाला आपण वर्षभर प्रश्न विचारतों त्याची काळाविषयीं स्वतःची समजूत काय आहे, हें मात्र आपण कधीं विचारीत नाहीं. सुशिक्षितांपैकीं कांहीं जण त्याला भाबडेपणाचें आगर म्हणून बाजूस सारतात, कांहीं जण त्यांत सर्व शास्त्रांचें सार पाहतात. परंतु तें उघडून पाहण्याची तसदी दोघेही सारख्याच दक्षतेनें टाळतात. प्रस्तुत लेखांत तें उघडण्याचा विचार आहे. आणि त्यांत दिवसाच्या वेळा कशा मोजल्या जातात हें पाहतां पाहतां एका नैतिक प्रश्नाकडे जावयाचें आहे. तो प्रश्न असा : वेळ स्वतः चांगली किंवा वाईट असूं शकते काय? आणि नसेल, तर 'योग्य वेळ' या शब्दांचा अर्थ काय?

प्रथम मापें पाहूं. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतच्या काळास अहोरात्र म्हणतात. त्याचे ६० भाग केले म्हणजे घटिका, घटिकेचे ६० भाग केले म्हणजे पळें, आणि पळाचे ६० भाग म्हणजे विपळें. आजच्या घड्याळाच्या भाषेंत घटिका २४ मिनिटांची व पळ २४ सेकंदांचें होतें. दोन घटिकांचा एक मुहूर्त. असे अहोरात्रांत ३० मुहूर्त. घटिका मोजण्याचें साधन म्हणजे तळाला बारीक छिद्र असलेलें तांब्याचें वाटीसारखें पात्र. तें पाण्यावर सोडावें. छिद्रांतून पाणी आंत येत येत पात्र भरून बुडालें कीं घटका भरली. 'घटका भरणें' हा वाक्प्रचार आपण आज मरणाच्या संदर्भांत वापरतों, पण त्याचा जन्म या पाण्याच्या भांड्यांत झालेला आहे.

याच्या जोडीला दुसराही एक हिशेब आहे, आणि तो अधिक विचार करण्याजोगा आहे. त्यांत दिवसाचे १५ व रात्रीचे १५ असे मुहूर्त धरतात. म्हणजे दिवस मोठा झाला कीं दिवसाचा मुहूर्तही मोठा होतो. पुण्यास ज्येष्ठाच्या सुमारास दिनमान ३३ घटिकांपर्यंत जातें, आणि मार्गशीर्ष-पौषांत तें साडेसत्तावीस घटिकांवर येतें. त्यामुळें दिवसाचा मुहूर्त उन्हाळ्यांत सुमारें ५३ मिनिटांचा, तर हिवाळ्यांत ४४ मिनिटांचा होतो. न्यूटननें १६८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत बाह्य वस्तूंशीं कांहींएक संबंध नसलेला, एकसारखा वाहणारा काळ कल्पिला. आणि आपण शाळेंत शिकलों तो हाच. पंचांगाला हा काळ अपरिचित नाहीं, कारण त्यावांचून ग्रहांचें गणितच होणार नाहीं. परंतु व्यवहारासाठीं त्यानें निवडलेला काळ मात्र ऊन-सावलीबरोबर ताणला व आखडला जाणारा आहे.

तो काळ स्थळाशींही बांधलेला आहे. नागपूर आणि पुणें यांच्या रेखांशांत सव्वापांच अंशांचें अंतर आहे. तेवढ्यामुळें नागपुरास सूर्य सुमारें २१ मिनिटें आधीं मध्यान्हीं येतो. अर्थात् पुण्याच्या पंचांगांतील घटिका-पळें नागपूरकरास जशींच्या तशीं उपयोगीं पडत नाहींत. देशांतर-संस्कार करावा लागतो. १ जानेवारी १९०६ पासून सर्व हिंदुस्थानासाठीं ग्रिनिचच्या साडेपांच तास पुढें असलेली एकच वेळ ठरविण्यांत आली, तेव्हां मुंबईच्या सूर्याच्या मानानें घड्याळ जवळजवळ ३९ मिनिटें पुढें गेलें. ही गोष्ट मुंबईकरांना इतकी खटकली कीं शहरांतील जुनी वेळ अगदीं नाहींशी होण्यास १९५५ साल उजाडावें लागलें. या विरोधांत स्वाभिमान होता, हट्टही होता. परंतु त्याच्या मुळाशीं एक साधी जाणीव होती. माथ्यावर सूर्य नसतांना दुपारचे बारा वाजले असें म्हणणें त्या लोकांस खोटें बोलल्यासारखें वाटत होतें.

आतां तिथीकडे वळूं. चंद्र सूर्याच्या पुढें १२ अंश गेला कीं एक तिथि संपते. चंद्राची गति कधीं शीघ्र तर कधीं मंद असल्यामुळें तिथीची लांबी बदलते. ती ६० घटिकांहून फार तर ५ घटिका वाढेल व ६ घटिका घटेल, असा जुन्या पंडितांचा नियम होता. आकाशाशीं ताडून पाहणाऱ्या नव्या गणितानें ही मर्यादा वाढीकडे ७ व घटीकडे १० घटिकांपर्यंत जाते. तिथीचा आरंभ सकाळीं होईल, भर दुपारीं होईल किंवा मध्यरात्रींही होईल. दोन सूर्योदयांच्या मध्येंच सुरू होऊन जी संपते ती क्षयतिथि, व जी दोन सूर्योदय पाहते ती वृद्धितिथि. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यानें होणारा दिवस आणि चंद्राच्या फिरण्यानें होणारी तिथि हीं एकमेकांशीं न जुळणारीं दोन चक्रें आहेत. आणि माणसाला तर दोहोंचाही मान राखून आपलें कर्म करावयाचें आहे. मग कोणत्या दिवशीं कोणती तिथि धरावी?

सामान्य व्यवहारासाठीं उत्तर सोपें आहे : सूर्योदयीं असेल ती त्या दिवसाची तिथि. परंतु धर्मकृत्यांच्या बाबतींत निबंधकार येथें थांबत नाहींत. काशींतील कमलाकर भट्टांनीं १६१२ सालीं लिहिलेला 'निर्णयसिंधु' घ्या, किंवा पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांचा १७९० सालचा 'धर्मसिंधु' घ्या. दोहोंतही वारंवार भेटणारें तत्त्व कर्मकालव्याप्तीचें आहे. जें कर्म करावयाचें त्याचा दिवसांतील स्वाभाविक समय प्रथम ठरवावा, आणि त्या समयास व्यापणारी तिथि घ्यावी. गणेशचतुर्थीचें पूजन मध्यान्हीं, म्हणून मध्यान्हास व्यापणारी चतुर्थी. संकष्टीला चंद्रदर्शन मुख्य, म्हणून चंद्रोदयीं असणारी. कृष्णजन्म मध्यरात्रीचा, म्हणून निशीथास असणारी अष्टमी. प्रदोषाला सूर्यास्तानंतरची त्रयोदशी. वार्षिक श्राद्ध अपराह्णीं, म्हणजे दिवसाचे पांच भाग केले असतां चौथ्या भागांत. म्हणून अपराह्णास व्यापणारी तिथि. एकच अष्टमी एका व्रताला आज असेल, तर दुसऱ्याला उद्यां. वरवर पाहणाऱ्याला हा गोंधळ वाटतो, आणि 'यंदा दोन दोन एकादश्या कशा?' म्हणून आपण हसतों. मला मात्र या गोंधळांत एक मोठा विचार दिसतो. येथें काळ कर्माला निवडीत नाहीं. कर्म आपला काळ निवडतें.

हा विचार शास्त्री-पंडितांपुरता मर्यादित नाहीं. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यांत सूर्य मृग नक्षत्रांत येतो, हें पंचांगांत छापलेलें असतें व शेतकऱ्याला तें तोंडपाठ असतें. परंतु मृग लागला म्हणून कोणी शहाणा शेतकरी कोरड्या मातींत बीं टाकीत नाहीं, कीं चिखलांत पाभर घालीत नाहीं. तो वाफशाची वाट पाहतो. वाफसा म्हणजे मातींत ओल आणि हवा या दोहोंचा मेळ जमल्याची स्थिति. ती छापून ठेवतां येत नाहीं, मूठभर माती हातांत घेऊन ओळखावी लागते. पंचांगानें त्याला सावध केलें. निर्णय त्यानें आपल्या बोटांनीं केला. योग्य वेळ म्हणजे आकाशांत आधींच तयार होऊन पडलेली वस्तु नव्हे. काम, करणारा आणि परिस्थिति यांचा मेळ बसण्याचें तें नांव आहे.

आपल्या दर्शनांचीही या मताला साक्ष आहे. वैशेषिकांनीं नऊ द्रव्यांत काळाची गणना केली. पण तो एक, नित्य व व्यापक मानला. क्षण, दिवस, भूत, भविष्य हे त्यांच्या मतें काळाचे स्वतःचे तुकडे नव्हेत. सूर्यगति इत्यादि उपाधींमुळें आपण ते पाडतों. घटांतलें आकाश आणि मठांतलें आकाश यांत जसा वास्तविक भेद नाहीं, तसाच मंगळवारांत आणि बुधवारांतही नाहीं. मग ज्या काळाला स्वतःचे भागच नाहींत, त्याचा एक भाग शुभ व दुसरा अशुभ कोठून होणार? ज्यांना असें विचारणें पाखंड वाटतें, त्यांनीं आपलीच दर्शनें एकदां चाळून पाहावीं.

आणि तरीही ज्या पंचांगांत कर्मकाल आहे त्याच पंचांगांत भद्रा आहे, व्यतीपात आहे, राहुकाळ आहे. एका पुठ्ठ्यांत दोन ग्रंथ बांधले गेले आहेत, असें मला वाटतें. दोहोंतील फरक ओळखण्याची खूण फार सोपी आहे. कर्मकाल ठरविण्यापूर्वीं 'काय करावयाचें आहे?' हें विचारावें लागतें. राहुकाळ हा प्रश्न विचारीत नाहीं. दिवसाचे आठ भाग करावे व वाराप्रमाणें त्यांतील एक टाळावा. सोमवारीं दुसरा, रविवारीं आठवा. कर्जाचा कागद करावयाचा असो, रुग्णाला दवाखान्यांत न्यावयाचें असो, कीं रुसलेल्या भावाची समजूत घालावयाची असो, नियम एकच. ज्या नियमाला कर्माचें स्वरूप जाणण्याची गरज भासत नाहीं तो कर्माचा नियम नव्हे. तो भीतीचा नियम आहे.

यावर असा आक्षेप येईल कीं मुहूर्तशास्त्र तर कर्मपरत्वें मुहूर्त सांगतें. विवाहाचीं नक्षत्रें वेगळीं, गृहप्रवेशाचीं वेगळीं. आक्षेप खरा आहे, आणि त्यांतील कांहीं नियमांच्या पोटीं व्यवहाराचें शहाणपणही असेल; पेरणी-लावणीच्या व वाटा बंद पडण्याच्या दिवसांत लग्नें न ठरविणें हें कोणालाही पटण्याजोगें आहे. परंतु येथें एक सूक्ष्म पालट होतो. कर्मकाल मला एवढेंच सांगतो कीं अमुक वेळीं अमुक करणें हें माझें देणें आहे. मुहूर्त त्याच्या पुढें जाऊन, तसें केल्यास मला काय मिळेल, हें सांगूं लागतो. पहिल्याची दृष्टि कर्तव्यावर असते, दुसऱ्याची फळावर. आणि एकदां फळाची हमी वेळेनें घेतली कीं अपयशाची जबाबदारीही तिच्याच माथीं मारण्यास आपण मोकळे होतों. 'वेळच वाईट होती' या तीन शब्दांनीं आपल्या समाजांत किती आळस, किती अविचार आणि किती अन्याय पोटांत घातले असतील, याचा हिशेब कोणत्याही पंचांगांत सांपडणार नाहीं.

या भीतीची किंमत सर्वांनीं सारखी दिलेली नाहीं, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. तिथि-वार सांगण्याचा अधिकार गांवोगांवीं जोश्याच्या वतनांत होता. ज्याला अक्षर येत नव्हतें त्याला स्वतःच्या मुलीच्या लग्नाचा दिवस दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागे. जोतीराव फुल्यांनीं १८५५ सालीं लिहिलेल्या 'तृतीय रत्न' नाटकांत एक जोशी गर्भवती कुणबिणीला ग्रहांचें भय घालून त्या गरीब जोडप्याला कसें नागवितो तें दाखविलें आहे. तें वाचतांना ज्या वर्गाच्या हातीं पंचांग होतें त्या वर्गांत जन्मलेल्या माझ्यासारख्याला मान खालीं घालावी लागते. त्यानंतर अठरा वर्षांनीं, १८७३ सालीं, सत्यशोधक समाज स्थापन झाला व भटजीवांचून विवाह होऊं लागले. ते विवाह मोडले नाहींत, आणि आकाशही कोसळलें नाहीं. घड्याळाच्या बाजूनें एवढें तर कबूल केलेंच पाहिजे कीं तें कोणाची जात विचारीत नाहीं. चौकांतल्या मनोऱ्यावर तें जे ठोके देतें ते सर्वांना सारखेच ऐकूं येतात.

पण घड्याळाचीही एक अंधश्रद्धा असते, व ती आपण अजून ओळखलेली नाहीं. सर्व तास सारखे आहेत, म्हणून कोणतेंही काम कोणत्याही तासाला करण्यास हरकत नाहीं, ही ती अंधश्रद्धा. दिवेलागणीस घरांत एकत्र बसावें, पहाटे अभ्यास करावा, रात्रीं झोपावें, या समजुतींत ग्रहांचा संबंध नव्हता. दिवसाच्या प्रत्येक भागाला एक स्वभाव आहे व त्याला अनुरूप कर्म आहे, एवढीच ओळख होती. ती गेली आणि तिच्या जागीं केवळ वेळापत्रक आलें. कांहीं महाविद्यालयांत एक तास ४८ मिनिटांचा असतो, म्हणजे तंतोतंत एका मुहूर्ताचा. तो कशासाठीं आहे, याचें स्मरण घंटा वाजल्यावर शिकविणाऱ्याला तरी कितपत राहतें, हें मी माझ्याच अनुभवावरून न सांगितलेलें बरें. लग्नाच्या पत्रिकेवर '१२ वाजून ३७ मिनिटें' असें छापावयाचें, आणि छायाचित्रकार यावयाचा आहे म्हणून वधूवरांना अंतरपाटामागें एक वाजेपर्यंत तिष्ठत ठेवावयाचें, या प्रकारांत तर आपण दोन्हीं अंधश्रद्धा एकाच मांडवांत आणल्या आहेत. मुहूर्ताचें भय सोडवत नाहीं, आणि वेळ पाळण्याचा धर्मही पाळवत नाहीं.

येथें मला आमच्या घरांतील एक गोष्ट सांगावीशी वाटते. कारण कर्मकालाचा विचार मला ग्रंथांतून कळला तरी पटला तो तिच्यामुळें. माझे आजोबा कोंकणांतील आमच्या गांवीं एका मार्गशीर्षांत पहाटे साडेचारच्या सुमारास वारले. साडेचार ही वेळ भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाची. गांवचे उपाध्याय जुन्या पद्धतीचें पंचांग वापरीत. नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं १५२० च्या सुमारास रचलेल्या 'ग्रहलाघवा'च्या गणितावर तें आधारलेलें होतें. त्यांत वद्य नवमी ५६ घटिकांपर्यंत होती. माझे वडील पुण्यास शिकलेले. केरो लक्ष्मण छत्रे, वेंकटेश बापूजी केतकर, लोकमान्य टिळक यांनीं पंचांग आकाशाशीं जुळलें पाहिजे असा जो आग्रह धरला, त्या परंपरेंतील पंचांग ते मानीत. आणि त्यांत नवमी ५३ घटिकांवरच संपत होती. सूर्योदय सातचा धरला तर पहिल्याप्रमाणें नवमी पहाटे ५ वाजून २४ मिनिटांपर्यंत, दुसऱ्याप्रमाणें ४ वाजून १२ मिनिटांपर्यंत. साडेचार नेमके मध्यें. श्राद्धाची तिथि मरणक्षणीं असलेली. चुलते म्हणाले नवमी, वडील म्हणाले दशमी.

दोघेही प्रामाणिक होते, म्हणूनच दोघेही मागें हटले नाहींत. खोट्या तिथीला दिलेला पिंड वडिलांना पोंचत नाहीं, ही चुलत्यांची श्रद्धा. आणि खोट्या गणिताला मान डोलावणें हा त्याच वडिलांनीं दिलेल्या शिक्षणाचा अपमान आहे, ही माझ्या वडिलांची. पहिल्या वर्षश्राद्धाला जें अंतर पडलें तें वाढत गेलें. गांवीं नवमीला श्राद्ध होई, पुण्यास दशमीला. पंचवीसांहून अधिक वर्षें एका बापाचे दोन मुलगे त्याच्या नांवानें एका पंक्तीला बसले नाहींत. आजी गांवीं असे; नवमीचा स्वयंपाक ती उभी राहून करवून घेई, आणि दुसऱ्या दिवशीं, कोणी कारण विचारण्याच्या भानगडींत पडत नसे, एकवेळच जेवी.

या वादांत गणिताच्या बाजूनें माझे वडील बरोबर होते, याविषयीं मला आजही शंका नाहीं. पण भिंतीवरचें तें घड्याळ आठवड्याला पांच-सात मिनिटें मागें पडे, आणि त्या रात्रीं कोणाचें त्याकडे लक्ष असणार? पळा-विपळांचा तो सगळा वाद ज्या एका आंकड्यावर उभा होता, तो रडणाऱ्या माणसांपैकीं कोणीतरी ओझरता पाहिलेला होता. शास्त्राला मनुष्याची ही अडचण ठाऊक असावी. मृत्यूची तिथि कळत नसेल तर त्या मासाच्या अमावास्येला श्राद्ध करावें, अशी मुभा त्यानें देऊन ठेवली आहे. तिथि चुकेल, पण कर्म चुकूं नये, असा तिचा भाव आहे.

पुढें चुलते आजारी पडले. त्यांना मुलगा नव्हता, आणि त्या वर्षीं पाटावर बसण्याची ताकद त्यांच्यांत राहिलेली नव्हती. मार्गशीर्ष लागला तेव्हां वडिलांनीं रजा काढली व मला बरोबर घेऊन ते गांवीं गेले. आम्ही पोंचलों तो अष्टमीचा दिवस होता. चुलत्यांनीं खाटेवरूनच विचारलें, "अण्णा, दशमीपर्यंत राहणार ना?" वडील म्हणाले, "उद्यां नवमी. उद्यांच करूं." दुसऱ्या दिवशीं अपराह्णीं त्यांनीं श्राद्ध केलें, चुलत्यांना भिंतीला टेकवून शेजारीं बसविलें होतें, आणि पिंडांना त्यांचा हात लावविला. त्या दिवशीं आजी रात्रींही जेवली.

परतीच्या वाटेवर मीं वडिलांना धीर करून विचारलें कीं नवमी खरी, असें आपल्याला आतां वाटतें काय? ते म्हणाले, "गणितानें दशमीच. पण तो एकटा कसा करील?" एवढें बोलून ते खिडकीबाहेर पाहूं लागले. त्यांचें गणित बदललें नव्हतें. बदललें होतें तें कर्माविषयींचें आकलन. श्राद्ध हें एकट्याचें कर्म नाहीं, दोघां भावांचें आहे, आणि दोघे एकत्र बसूं शकतील तीच त्याची वेळ, हें त्यांना उशिरां कां होईना दिसलें होतें.

वेळ स्वतः चांगली नसते कीं वाईट नसते. परंतु म्हणून सर्व वेळा सारख्या आहेत असेंही नाहीं. कारण प्रत्येक कर्माला आपली एक वेळ असते, आणि ती गेली कीं कर्म राहून जातें. पंचांगाला भिऊन चालणाऱ्याला ती दिसत नाहीं, आणि नुसत्या घड्याळाकडे पाहणाऱ्यालाही दिसत नाहीं. ती ओळखण्याचें काम दुसऱ्या कोणावर सोंपवितां येत नाहीं. माझ्या वडिलांच्या व चुलत्यांच्या वांट्याला त्या पंचवीस वर्षांनंतर एकत्र बसण्याचा असा एकच दिवस आला. पुढच्या मार्गशीर्षापूर्वींच चुलते गेले. आतां आजोबांचें श्राद्ध मी करतों. घरांत पंचांग नव्या गणिताचें आहे. श्राद्ध मात्र नवमीला होतें.